मोस्ट हंबली सबमिटेड

सर्वात आधी एक खुलासा. मेमोरियल म्हणजे स्मारक नव्हे. लॉला असलेल्या कुणी ‘मेमोरियल चालू आहे, डिस्टर्ब करू नका’ असं सांगितलं, तर ‘अरेरे, कुणाचं?’ असं विचारायचं नसतं. (आमच्याकडे बाबांनी विचारलं होतं. धाकटी दोन दिवस बोलत नव्हती.)

तर मूट कोर्ट म्हणजे लुटुपुटूचं कोर्ट. आयोजक एक काल्पनिक खटला रचून देतात, आठ-दहा पानांचा. त्यावर प्रत्येक टीमनं दोन्ही बाजूंनी लेखी युक्तिवाद लिहायचा आणि मग जज म्हणून बसलेल्या वकील-प्राध्यापकांसमोर उभं राहून तो मांडायचा. या लेखी युक्तिवादाला आपल्याकडे मेमोरियल म्हणतात, अमेरिकन कॉलेजांत बहुतेक ठिकाणी ब्रीफ. ‘जेसप’ नावाची यातली सगळ्यात मानाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि बंगलोरच्या नॅशनल लॉ स्कूलनं ती १९९९ आणि २०१३ अशी दोनदा मारलीय. आणि स्पर्धाबिर्धा सोडा, बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांत मूट हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. एका मूटला १० मार्क. ५ लेखी, ५ तोंडी.

आता तुम्ही म्हणाल, कोड लिहिणाऱ्या माणसाचा इथे काय संबंध? संबंध एमएस वर्डचा. मेमोरियलला मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, वापरलेल्या निकालांची यादी, ज्युरिसडिक्शन, फॅक्ट्स, इश्यूज, समरी, आर्ग्युमेंट्स आणि शेवटी प्रेअर असे ठरलेले डबे असतात. सुरुवातीची पानं रोमन आकड्यांत, पुढची साध्या. फुटनोट्स दीडदोनशे. हे सगळं सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास कोलमडतं आणि घरात इंजिनिअर असेल तर त्याला उठवलं जातं. ‘दादा, टेबल ऑफ कंटेंट्स परत उडालं रे!’ या निमित्तानं गेल्या तीन वर्षांत मी सात मेमोरियल्स पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली. धाकटीची, तिच्या मैत्रिणींची, आणि ‘रेफरन्स’ म्हणून फिरणारी मागच्या वर्षीच्या विजेत्यांची.

माझं मत विचाराल तर (कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो) यातली बहुतेक मेमोरियल्स कुणालाही काहीही पटवून देत नाहीत. ती फक्त आपलंच खरं असल्याचं ठासून सांगतात. एका २६ पानी मेमोरियलमध्ये मी कंट्रोल-एफ मारून बघितलं: ‘इट इज मोस्ट हंबली सबमिटेड’ ४१ वेळा! इतकी नम्रता तर आमच्याकडे अप्रेझलच्या महिन्यातसुद्धा नसते. त्याच्या जोडीला ‘ग्रॉसली’, ‘ब्लेटंटली’, ‘मॅनिफेस्टली आर्बिट्ररी’. आणि कायद्यापुढे सगळे समान आहेत, या कुणीच न नाकारलेल्या वाक्याखाली सात निकालांची फुटनोट. हे म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला चाळीस लायब्रऱ्या इंपोर्ट करायच्या आणि जिथे खरा बग आहे ती ओळ तशीच ठेवायची. ज्या मुद्द्यावर खटला खरोखर अडलाय, तिथे नेमकी एकही फुटनोट नसते. तिथे ‘क्लिअरली’ असा शब्द असतो. ‘क्लिअरली’ दिसला की समजायचं, इथे काहीतरी क्लिअर नाहीये.

यंदा धाकटीला आलेला प्रॉब्लेम अतिक्रमणाचा आहे. काल्पनिक शहर, काल्पनिक महानगरपालिका, नदीकाठच्या फुटपाथवर राहणारी माणसं आणि एका सकाळी आलेले बुलडोझर. यातलं शहर काल्पनिक असलं तरी मुद्दा पार खरा आहे, कारण त्याचं मूळ आपल्या मुंबईत आहे. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, निकाल १० जुलै १९८५, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ, निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड. (ओल्गा टेलिस या पत्रकार. फुटपाथवरची माणसं स्वतःही याचिकाकर्ते होती, पण खटला ओळखला जातो तो त्यांच्या नावानं.) धाकटीच्या ड्राफ्टमध्ये हा निकाल नऊ वेळा होता, नऊही वेळा एकाच वाक्यासाठी: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मी म्हटलं, बघू तरी हे काय आहे, आणि शनिवारी दुपारी अख्खा निकाल वाचून काढला. इंजिनिअर मंडळींना मी तो वाचायची शिफारस करीन. फुकट मिळतो आणि पटवून देणं म्हणजे काय ते त्यातून जेवढं कळतं, तेवढं प्रेझेंटेशन स्किल्सच्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये मला कळलं नाही.

सुरुवातीलाच दोन माणसं येतात. पहिला तामिळनाडूतल्या सेलमचा. भूमिहीन मजूर, दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ साली मुंबईला आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोजचे २३ रुपये. बायको, तीन मुली. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लॅस्टिक आणि कॅनव्हासचा आडोसा, आणि त्यासाठी झोपडीदादानं उकळलेले २,५०० रुपये. दुसरा आपल्या संगमनेरचा. चपला-बूट शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं, १९६९ मध्ये मुंबईत आला, महिना ३५० वर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या एका गुंडाला ३०० रुपये, आणि बांबू-प्लॅस्टिकचे ७००.

आता तारखा बघा. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना हटवून मुंबईबाहेर, आपापल्या गावी पाठवण्यात येईल. लोक हायकोर्टात गेले, तात्पुरती स्थगिती मिळाली. २१ जुलैला सरकारी बाजूनं मान्य केलं की १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही. आणि याचिकेतल्या म्हणण्यानुसार २३ जुलैला लोकांना एसटीच्या गाड्यांत बसवून मुंबईबाहेर रवाना केलं गेलं.

२१ आणि २३. हे दोन आकडे शेजारी ठेवले की संपलं! ‘ब्लेटंटली’ लिहायची गरजच उरत नाही. उलट लिहिलंत तर वाचणारा जज थबकतो आणि विचार करतो, थांब, हा मला ढकलतोय का? माणसाला स्वतः काढलेला निष्कर्ष फार प्रिय असतो. दुसऱ्यानं काढून हातात दिलेला निष्कर्ष तो उलटून-पालटून बघतो, दुकानदारानं दिलेल्या फाटक्या नोटेसारखा. फॅक्ट्सच्या डब्यात युक्तिवाद करायचा नाही असा स्पर्धांत संकेत आहे, आणि मुलं तो पाळतात म्हणजे काय करतात, तर प्रॉब्लेममधले परिच्छेद जसेच्या तसे चिकटवतात. अरे, युक्तिवाद करू नका, पण क्रम तर तुमच्या हातात आहे ना! कुठून सुरुवात करायची, कुठल्या दोन गोष्टी शेजारी येऊ द्यायच्या, कुठे माणूस दिसू द्यायचा आणि कुठे फक्त कलम.

त्या सेलमच्या माणसाचं पुढे काय झालं ऐका. त्याचा आडोसा तोडला, कुटुंबासकट सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामासाठी परत मुंबईत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहायला लागला. माझ्या मते खटल्याचा सगळा युक्तिवाद या एका घटनेत आहे. माणूस फुटपाथवर हौसेनं राहत नाही, काम जिथे आहे तिथे राहतो. जागा गेली की काम जातं, काम गेलं की जगणं जातं. कलम २१ मध्ये ‘उपजीविका’ हा शब्द नाही. तो तिथे आहे असं पाच न्यायाधीशांना पटवायचं होतं आणि ते पटलं, ते ही साखळी तुटत नव्हती म्हणून.

आणि गंमत म्हणजे हीच हकीकत पालिकेच्या वकिलालाही वापरता येते, एक शब्दही खोटा न लिहिता. त्याची सुरुवात माणसापासून होणार नाही, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यापासून होईल. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतात. ते मोकळे ठेवणं हे पालिकेचं काम आहे. हायवेलगत विनापरवाना बांधकाम झालं. ते हटवल्यावर तोच इसम पुन्हा येऊन राहिला. आणि ते २,५०० रुपये? एका बाजूला ती गरिबाची लूट, दुसऱ्या बाजूला सार्वजनिक जागेचा बेकायदा सौदा. दोन्ही बाजूंना वापरता येतो असा आकडा प्रॉब्लेममध्ये दिसला की त्याच्यावर आधी बोट ठेवायचं, कारण समोरची टीम ठेवणारच आहे.

इश्यूचंही तेच. ‘फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क आहे का?’ असा प्रश्न मांडलात तर याचिकाकर्ता पहिल्या पानावरच हरला. असा हक्क कुठलंच कोर्ट देणार नाही, आणि इथेही दिला नाहीच. ‘राहण्या-कमावण्याचं एकमेव साधन नोटीस न देता काढून घेता येतं का?’ असा मांडलात तर खेळ चालू होतो. धाकटीच्या टीमनं पहिला लिहिला होता. त्यावर घरात जे भांडण झालं ते इथे देत नाही. :-)

आता सुरुंगाची गोष्ट. प्रत्येक प्रॉब्लेममध्ये सेट करणारा प्रत्येक बाजूसाठी एक सुरुंग पेरून ठेवतो. खऱ्या खटल्यातही होता. याचिकाकर्त्यांनी हायकोर्टात कबूल करून टाकलं होतं की फुटपाथवर झोपड्या बांधायचा मूलभूत हक्क आम्ही मागत नाही, आणि १५ ऑक्टोबरनंतर पाडायला अडथळाही आणणार नाही. घ्या! म्हणजे दिल्लीत गेल्यावर समोरचा पहिला मुद्दा हाच मांडणार: हे आधीच मान्य करून बसलेत, आता कसलं ऐकायचं? मी वाचलेल्या सातपैकी पाच मेमोरियल्सनी असल्या अडचणीच्या गोष्टीचं नावच काढलं नव्हतं. आशा अशी की जजच्या लक्षात येणार नाही. पण जजच्या पुढ्यात समोरच्या टीमचं मेमोरियल असतं हो! सुप्रीम कोर्टानं यावर दिलेलं उत्तर साधं आहे: राज्यघटनेच्या विरोधात इस्टॉपेल नाही. मूलभूत हक्क एकट्या माणसासाठी नसतात, सगळ्या समाजासाठी असतात, म्हणून कुणी ‘मला नको’ म्हटल्यानं ते जात नाहीत. हे उत्तर तुम्ही स्वतः आधी दिलंत तर ते तुमचं बळ होतं. समोरच्यानं विचारल्यावर दिलंत तर ती सारवासारव वाटते. आमच्या क्षेत्रातही क्लायंटला नोन इश्यूज आधी सांगणारा लीड आणि डेमोत पकडला गेलेला लीड यांच्यात एवढाच फरक असतो.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र एका क्रियापदाचा आहे. पालिका कायद्याचं कलम ३१४ म्हणतं, आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण हटवू शकतात. इंग्रजीत शब्द आहे ‘मे’ (महिना नव्हे). नेटवर्किंग केलेल्यांना १९९७ चा आरएफसी २११९ आठवत असेल. ‘मस्ट’ म्हणजे काय, ‘शुड’ म्हणजे काय, ‘मे’ म्हणजे काय, याच्यावर काढलेलं अख्खं डॉक्युमेंट. कोर्टानंही इथे तेच केलं. ‘मे’ म्हणजे नोटीस देऊ नका असा हुकूम नव्हे, तो अधिकाऱ्याला दिलेला पर्याय आहे. आणि पर्याय असेल तर तो न्याय्य पद्धतीनंच वापरायला हवा, म्हणजे एरवी नोटीस द्यायची, अगदीच निकड असेल तर गोष्ट वेगळी. कलम रद्द न करता त्याचे दात काढले. मूटमधली मुलं अशा वेळी थेट कलमच घटनाबाह्य ठरवा म्हणून मोकळी होतात. जजला मोठी उडी मारायला सांगण्यापेक्षा छोटी पायरी दाखवणं जास्त पटतं, हे दहावीला घरी कॉम्प्युटर मागितलेल्या कुणालाही माहीत असायला हवं.

आकडेवारीच्या जोरावर पटवण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत १९०८ च्या मुलर विरुद्ध ऑरेगन खटल्यात लुई ब्रँडाइसनं शंभरहून जास्त पानांचं ब्रीफ दिलं, त्यात कायद्याची पानं जेमतेम दोन. बाकी सगळे अहवाल: लाँड्रीत-कारखान्यांत जास्त तास काम केल्यानं बायकांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो याचे. कोर्टानं एकमतानं दहा तासांची मर्यादा उचलून धरली. हे गोळा करण्यात जोसेफिन गोल्डमार्कचा वाटा मोठा, नाव मात्र राहिलं ‘ब्रँडाइस ब्रीफ’. (पुढे त्याच ‘बायका नाजूक’ या मांडणीचा बायकांना कामापासून दूर ठेवायला उपयोग झाला, तेव्हा फॅक्ट्स निवडतानाही जपून.)

आणि एआयबद्दल बोलल्याशिवाय सध्या कुठलाच विषय संपत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एव्हिअँका विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले. ५,००० डॉलर दंड झाला. मी स्वतः दिवसभर एआय वापरून कोड लिहितो, त्यामुळे मी काही सोवळं नेसून बोलत नाही. पण माझा कोड चुकला तर कंपायलर बोंबलतो. मेमोरियलला कंपायलर नाही. खोटा निकाल फुटनोटमध्ये अगदी खऱ्यासारखा दिसतो, कंसात वर्ष, पान नंबर, सगळं. आणि एखादा निकाल खरा असला तरी तो तुमचं म्हणणं सांगतो की उलटं, हे वाचल्याशिवाय कळत नाही. एआयचं सोडा, माणसांनी नऊ वेळा दिलेला ओल्गा टेलिस तरी कुठे कुणी शेवटपर्यंत वाचला होता?

कारण शेवटी काय झालं माहितीये? जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, हे कोर्टानं मान्य केलं. पण ती कायद्यानं ठरवलेल्या न्याय्य पद्धतीनं काढून घेता येते, हेही म्हटलं. फुटपाथ अडवायचा हक्क कुणालाही नाही. कलम ३१४ वैध. नोटीस द्यायला हवी होती हे खरं, पण आता इथे तुमचं सगळं ऐकून झालंय, म्हणून पुन्हा सुनावणी नको. फक्त ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत हटवू नका. १९७६ च्या गणनेतलं ओळखपत्र ज्यांच्याकडे आहे त्यांना मालवणीत किंवा सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्या, पण ही हटवण्याची पूर्वअट नव्हे. तत्त्व जिंकलं, आडोसा गेला. गेली चाळीस वर्षं वकील ते वाक्य उद्धृत करतायत आणि ते वाक्य ज्यांच्यामुळे आलं त्यांना मिळाला तो एक पावसाळा.

म्हणून मी धाकटीला म्हटलं, तुझी प्रेअर दाखव. प्रेअर म्हणजे शेवटचं पान, कोर्टाकडे नक्की काय मागायचं ते. पहाटे तीनला, झोपेत, मागच्या मेमोरियलमधून कॉपी केलेलं असतं ते. कारवाई घटनाबाह्य ठरवा, आणि न्यायाच्या हितासाठी योग्य वाटेल तो अन्य आदेश द्या. बस. मी म्हटलं, समजा जजनं हे जसंच्या तसं मान्य केलं, तर नदीकाठचा माणूस उद्या रात्री झोपणार कुठे? तर गप्प. खऱ्या खटल्यात लोकांच्या हातात जे काही पडलं ते छोट्या गोष्टींतून पडलं: पावसाळ्यानंतरची तारीख, ओळखपत्र, मालवणी. तेव्हा मोठी मागणी करा, जरूर करा, पण तिच्याखाली ‘ते नाही तर निदान हे’ अशा दोन-तीन ओळी हव्यात, तारखेसकट, जजला सही करता येईल अशा. ५ मार्कांच्या लेखी परीक्षेत याला अर्धा मार्कही नसेल. तरी मला वाटतं मेमोरियल आधी प्रेअरपासून लिहायला हवं आणि मग मागे यायला हवं. काय मागायचंय हे ठरलं की कुठले तीन मुद्दे लागतात ते कळतं, बाकीचे बारा आपोआप गळतात.

अजून एक चाचणी आम्ही घरी सुरू केलीय. मेमोरियल इंग्रजीत असतं, पण प्रत्येक मुद्दा आधी आईला मराठीत सांगायचा. प्रोग्रॅमर मंडळी टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला कोड समजावतात, तसंच, फक्त बदक उलट प्रश्न विचारत नाही. आई विचारते. ‘पण फुटपाथवरून आम्ही चालायचं कुठून?’ या एका प्रश्नानं धाकटीचा दुसरा इश्यू आडवा झाला. ‘प्रपोर्शनॅलिटी’ मराठीत सांगता येईना, तेव्हा कळलं की तिथे युक्तिवाद नव्हताच, नुसता शब्द होता.

याचिकाकर्त्यांचं मेमोरियल परवा गेलं. ‘हंबली’ सहा वेळा, पानं १९. पुढच्या शुक्रवारी पालिकेच्या बाजूचं द्यायचंय आणि घरात वातावरण तंग आहे, कारण दोन आठवडे ज्या माणसाच्या बाजूनं जीव तोडून लिहिलं त्याचा आडोसा आता तिला कायदेशीरपणे पाडायचाय. काल रात्री म्हणाली, ‘दादा, यांचंही बरोबर आहे रे थोडं.’ आईचा तो फुटपाथचा प्रश्न तिनं फॅक्ट्सच्या पहिल्या परिच्छेदात घातलाय. टेबल ऑफ कंटेंट्स अजून करायचंय.